खाऱ्या टाकीतलं केसाळ शेवाळ: दगड उकळण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीत चार फुटी, २४० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, वय नऊ महिने. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा; थोडे झोअँथिड, काही मशरूम आणि एक लेदर कोरल, म्हणजे प्रवाळ आणि त्यांच्या नात्यातले जीव. सुरुवात कोरड्या दगडांवर, पाणी 'घरचं आरओ', लाइट रोज नऊ तास. तीन महिन्यांपासून दगडांवर बोटभर लांबीचं हिरवं केसाळ शेवाळ. टेस्ट किट नायट्रेट शून्य दाखवतं, फॉस्फेटही शून्य (शेवाळाचं खत म्हणजे हेच दोन). दुकानात सांगितलं, फॉस्फेट रिमूव्हर दुप्पट करा आणि तीन दिवस लाइट बंद ठेवा. केलं, आठवड्याभरात शेवाळ परत हजर. आता सगळे दगड काढून उकळावेत आणि नव्याने सुरुवात करावी का?

उकळू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं एक लक्षात ठेवा. झोअँथिडच्या काही प्रकारांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि ते साध्या उकळण्याने निकामी होत नाही. असे दगड घरात उकळल्यामुळे किंवा त्यांच्यावर गरम पाणी ओतल्यामुळे वाफ श्वासात जाऊन घरातली माणसं इस्पितळात पोहोचल्याच्या घटना परदेशात नोंदवलेल्या आहेत. दगड नुसते घासायचे असले तरी हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला. लहान मुलं आणि कुत्रं-मांजर त्या खोलीत नको.

दुसरं कारण साधं आहे. नऊ महिन्यांत दगडांच्या छिद्रांत जिवाणूंची जी वस्ती बसली, ती उकळून मारली की तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर. आत मेलेलं सगळं सडून शेवाळाला नवं खत होईल ते वेगळंच.

आता त्या शून्याबद्दल. किटमध्ये दिसतं ते पाण्यात मोकळं फिरणारं नायट्रेट-फॉस्फेट. शेवाळाने ओढून घेतलेलं आणि दगडाने धरून ठेवलेलं त्याला दिसत नाही. एक तारखेला पगार जमा झाला, दोन तारखेला घराच्या हप्त्यात गेला आणि तीन तारखेला पासबुकात शिल्लक शून्य दिसली, तर माणसाला पगारच नाही असं आपण म्हणत नाही. तुमच्या टाकीत रोज पगार येतोय, तो शेवाळ उचलतंय.

किती उचलतंय याचा ढोबळ हिशेब बघा. पिळून घेतलेलं १०० ग्रॅम शेवाळ, म्हणजे एक भरलेली वाटी, वाळवलं तर साधारण १० ग्रॅम भरेल. त्यात हजारात एक भाग फॉस्फरस धरला तर १० मिलिग्रॅम, म्हणजे फॉस्फेटच्या भाषेत ३० मिलिग्रॅम. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टाकीत खरं पाणी २०० लिटर. म्हणजे एका वाटीत ०.१५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) फॉस्फेट टाकीबाहेर गेलं. उलट दहा टक्के पाणी बदललं तर ०.१५ चं ०.१३५ होतं, आणि दगड दोन दिवसांत ती तूट परत भरून काढतो, कारण कॅल्शियम कार्बोनेटचा दगड फॉस्फेट धरतोही आणि पाण्यात कमी पडलं की सोडतोही. त्यामुळे दुप्पट रिमूव्हर घालून तुम्ही फक्त पाणी उपाशी ठेवलंत. शेवाळ दगडाच्या पाठीवर बसलेलं, त्याचं जेवण खालूनच येतंय. उपासमार झाली ती तुमच्या कोरलची.

आणि शून्याच्या मागे लागण्यात याहून मोठा धोका आहे. तो मी स्वतः ओढवून घेतला होता म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुण्यातल्या टाकीत तुमच्यासारखंच केसाळ शेवाळ होतं. मी लोह ऑक्साइडचे दाणे, ज्याला सगळे जीएफओ म्हणतात, रिअॅक्टरमध्ये, म्हणजे पाणी दाण्यांतून फिरवणाऱ्या नळकांड्यात, भरून पाच आठवडे फॉस्फेट शून्यावर धरलं. शेवाळ गेलं. मी खूश होऊन मित्रांना टाकी दाखवायला बोलावलं. दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी धूळ दिसली. डायटम, म्हणजे नव्या टाकीत येणारं साधं तपकिरी सूक्ष्म शेवाळ, असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग ती धूळ दुपारी शेंबडासारख्या तारांत लोंबू लागली, प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री लाइट गेले की गायब, सकाळी टाकी स्वच्छ, दुपारी तीनला पुन्हा तेच. गोगलगायी उताण्या पडायला लागल्या. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव होते, आपल्या भाषेत डायनो. शेवाळ, जिवाणू, डायटम हे सगळे प्रतिस्पर्धी मी उपाशी मारून मैदान मोकळं केलं होतं आणि त्यात हे शिरले. टाकी सावरायला चार महिने लागले, आणि औषध काय, तर नायट्रेट आणि फॉस्फेट विकत आणून पाण्यात घालणं! ज्या गोष्टी काढण्यासाठी पैसे खर्च केले त्याच घालण्यासाठी पुन्हा खर्च.

म्हणून रिमूव्हर आजच काढा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास राहू द्या. किटमध्ये रंग दिसणं चांगलं लक्षण आहे. फॉस्फेटचं रंग जुळवायचं किट इतक्या खालच्या आकड्यांना निरुपयोगी. त्या पट्ट्यांतला फरक मला तरी कधी दिसला नाही. हॅना कंपनीचा फॉस्फरस मोजणारा छोटा डिजिटल चेकर परवडत असेल तर घ्या. तो फॉस्फरसचा आकडा पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) देतो, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागा. ३३ दिसलं म्हणजे ०.१ पीपीएम फॉस्फेट. रेडफिल्ड गुणोत्तराच्या गणितात शिरू नका. नायट्रोजन-फॉस्फरसचं ते १६ ला १ हे प्रमाण खुल्या समुद्रातल्या तरंगत्या प्लवकांचं आहे; दगडावर वाढणाऱ्या शेवाळाचं प्रमाण वेगळं, अॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ साली ते ३० ला १ असं मांडलं. टाकी चालवायची पाककृती यातलं कुठलंच नाही.

पुढचं काम: तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा. एक चिमूट उपटून पांढऱ्या वाटीत टाकीच्या पाण्यात सोडा आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघा. पाण्यात मोकळे, बारीक, फांद्या नसलेले केस आणि बाहेर काढलं की ओल्या चिंधीसारखा गोळा, तर ते साधं हेअर अल्गी. मधे एक शिर आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ते ब्रायोप्सिस, आणि त्याची गोष्ट निराळी, ती खाली येते. शेवाळाऐवजी किरमिजी किंवा काळपट हिरवी साय असेल, जी फुंकरीसारख्या प्रवाहाने अख्खी सुटून येते, तर ते सायनो. ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. ते कोपऱ्यात, प्रवाह पोहोचत नाही आणि कचरा साचतो तिथे बसतात. पाइपने ओढून काढा, वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह देणाऱ्या पंपाचं) तोंड फिरवा. त्यावर अँटिबायोटिक घालायचा सल्ला मिळेल. मी घालत नाही.

डायनोची शंका असेल तर शेंबूड पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यूपेपरमधून गाळा आणि गाळलेलं स्वच्छ पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तारा जमल्या तर डायनो. फोल्डस्कोप, म्हणजे मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत तयार झालेला कागदी सूक्ष्मदर्शक, मुलांच्या शाळेमुळे बऱ्याच घरी पडून असतो. तोही चालतो. थेंबाच्या आकाराची पेशी एका जागी गिरक्या घेत असेल तर ऑस्ट्रिओप्सिस, आणि तिच्यावर यूव्ही दिवा काम करतो कारण ती रात्री पाण्यात उतरते. वाळूतच राहणाऱ्या मोठ्या अॅम्फिडिनियमवर यूव्ही फुकट जातो.

तुमच्या वर्णनावरून मला साधं हेअर अल्गी वाटतंय, तेव्हा हाताने काढायचं. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. सगळ्यांना औषधाची बाटली हवी असते. पण वरचा वाटीचा हिशेब पुन्हा बघा: शेवाळाने तुमच्यासाठी फॉस्फेट गोळा करून ठेवलंय, तुम्ही फक्त उचलायचं आहे. तेच शेवाळ औषधाने टाकीतच मारलं तर ते सगळं पुन्हा पाण्यात.

पद्धत अशी. कडक दातांचा नवा टूथब्रश घ्या आणि त्याची दांडी १२ मिलिमीटरच्या पारदर्शक पाइपच्या तोंडाशी झिप टायने बांधा, दात पाइपच्या तोंडासमोर येतील असे. पाइपचं दुसरं टोक सम्पमधल्या (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळण्याच्या पिशवीत. यामुळे घासताना सुटलेला प्रत्येक तुकडा लगेच ओढला जातो आणि पाणी टाकीतच राहतं, त्यामुळे वीस लिटर संपले म्हणून थांबावं लागत नाही. वेव्हमेकर बंद करा, सम्पमधून पाणी वर आणणारा रिटर्न पंप चालू राहू द्या. आधी मोठे झुपके बोटांनी काढा. ओढू नका, लोकर बोटाला गुंडाळतात तसं दोन-तीन वेढे द्या आणि मुळाशी पिळा; नुसतं ओढलं की वरचा भाग हातात आणि मुळं दगडावर. मग ब्रश. वरच्या दगडापासून खाली या. एका दिवशी टाकीचा तिसरा हिस्सा, जास्त नाही. संपलं की सॉक लगेच काढून धुवा. रात्रभर ठेवला तर सगळी मेहनत सम्पमध्ये विरघळते. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. पहिल्या वेळी दोन तास लागतील, चौथ्या आठवड्यात वीस मिनिटं.

जो दगड सहज बाहेर येतो आणि ज्यावर कोरल नाही, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच आरओ पाणी घाला म्हणजे ३ टक्के झालं. दगड बादलीबाहेर धरून सिरिंजने शेवाळावर सोडा, फेस येईल, दोन-तीन मिनिटं थांबा, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात विसळा आणि परत ठेवा. तीन-चार दिवसांत शेवाळ पांढरं पडतं. हे टाकीत ओतायचं नाही. श्रिंप असतील तर दगड दोनदा विसळा.

ब्रायोप्सिस निघालं तर ब्रशने काही होत नाही, ते चिवट असतं. त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध चालतं, खऱ्या पाण्याच्या लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवा बंद, दोन आठवडे पाणी बदलायचं नाही, एक एअर स्टोन चालू. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. खात्रीने ब्रायोप्सिस ओळखल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, आणि 'बघू तरी' म्हणून तर मुळीच नको.

आता पगार कुठून येतोय ते.

पाणी. तुम्ही 'घरचं आरओ' लिहिलंय. तो स्वयंपाकघरातला असेल तर तिथेच अर्धं उत्तर आहे. पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि वर मिनरल कार्ट्रिज. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं मीटर लावा, ५० च्या आसपास दिसेल. माणसाला ते उत्तम, रीफ (प्रवाळांच्या) टाकीला नाही. त्यातून रोज तीन-चार लिटर टॉप-अप करता, पाणी उडून जातं आणि क्षार-नायट्रेट-सिलिकेट मागे साचत जातं. वेगळा साधा आरओ घ्या, कंट्रोलरशिवाय, आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन. मीटरवर ० हवं. रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं आणि मीटर तरीही शून्यच दाखवतो, म्हणून रंग बदलायची शेवटपर्यंत वाट पाहू नका. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की रेझिन निम्म्या वेळात संपतं हेही धरून चला. आणि समुद्राचं पाणी कॅनमधून आणत असाल तर बंद करा. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांचं सांडपाणी त्यात आहे, आणि पावसाळ्यात गाळ वाढतो, खारटपणा उतरतो.

खाणं. गोठवलेल्या मायसिसचा (बारीक कोळंबीसारखं माशांचं खाणं) तुकडा तसाच टाकता का? चहाच्या गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याखाली धरा, खाली पडणारं गढूळ पाणी बघा आणि मग ठरवा. तुमच्या तीन छोट्या माशांना दिवसाला दोन चिमट्या पुरतात. माझ्याकडे एका गणपतीत आम्ही आठ दिवस गावी गेलो होतो आणि शेजारच्या मुलाला खाणं घालायला सांगितलं होतं. पोराने प्रेमाने दिवसातून तीनदा मूठभर घातलं. परत आलो तर दगडांवर हिरवळ. तेव्हापासून मी रोजचा वाटा औषधांच्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवतो आणि बाकीचा डबा कपाटात, कुलपात.

उजेड. नऊ तासांचे सात करा, पांढरा आणि लाल चॅनल उतरवा, निळा ठेवा. टाकी पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर पडदा लावा. तीन दिवस अंधार हा उपाय डायनो आणि सायनोला तात्पुरता दणका देतो. हेअर अल्गी तीन दिवस आरामात काढतं, तुम्ही ते पाहिलंच.

आणि मग चरणारे प्राणी. हा भाग लोक सगळ्यात हलका घेतात. खऱ्या रीफवरही शेवाळ असतंच, ते दिसत नाही कारण दिवसभर कोणीतरी कुरतडत असतं. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधले शेवाळ खाणारे, लांब काट्यांचे डायडेमा सी अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून जास्त मेले. जमैकात, जिथे मासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच संपले होते, तिथलं कोरलचं आच्छादन १९७० च्या दशकाअखेर निम्म्याच्या आसपास होतं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पाच टक्क्यांच्या खाली आलं आणि जागा शेवाळाने घेतली. वादळं आणि इतर कारणंही होती, पण चरणारं कोणी उरलं नव्हतं हे मोठं. तुमच्या टाकीतही चरणारं कोणी नाही. क्लाउनफिश दगडावरचं केसाळ शेवाळ साफ करत नाही.

पण टँग जातीचा शेवाळखाऊ मासा आणू नका. त्यातला पावडर ब्लू दिसायला राजा असला तरी चार फुटांत तो वेडापिसा होतो आणि सगळ्यांत आधी पांढरे ठिपके त्याच्यावर उठतात. लॉनमोअर ब्लेनी हा छोटा मासा एक आणि सेरिथ, अॅस्ट्रियासारख्या गोगलगायी सात-आठ, बस. एकदम तीस घेतल्या तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि सडून पुन्हा खत. आणखी एक, त्या लांब केस खात नाहीत. आधी तुम्ही ब्रशने खुंटापर्यंत आणा, मग त्या खुंट राखतात. घेताना कोणती जात आहे ते विचारा. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस यांची नावं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आलेली आहेत, आणि १९७२ च्या त्याच कायद्यात सगळे हार्ड कोरल, सी फॅन, फायर कोरल परिशिष्ट १ मध्ये आहेत. 'शेवाळ घालवायला खरा लाइव्ह रॉक टाका, माझ्याकडे आहे' असं कोणी म्हणालं तर तो दगड म्हणजे रीफचा तुकडा. नको म्हणा.

आपल्याकडे बहुतेक जण कोरड्या किंवा सिरॅमिक दगडांवर सुरुवात करतात, तुम्हीही केलीत. त्या दगडावर पहिल्या दिवशी काहीच नसतं, म्हणून पहिलं वर्ष आधी तपकिरी, मग हिरवं, मग थोडं किरमिजी असं जातं. नऊ महिन्यांच्या टाकीत हेअर अल्गी हे तुमचं अपयश नाही, वयाप्रमाणे चाललंय. ज्याने त्या टप्प्यावर दगड उकळले तो पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच भेटतो. असे दोघे माझ्या ओळखीत आहेत.

काचेवर किंवा दगडावर हिरवे चकचकीत मणी दिसले तर त्यांना ब्रश लावू नका. ती व्हॅलोनिया, एकेक मणी म्हणजे एकेक पेशी. नखाने किंवा बोथट सुरीने बुडापासून अख्खा सोडवा आणि पाइपने ओढा.

तिसऱ्या आठवड्यात टाकी आताहून वाईट दिसेल: उघडे पडलेले फिके दगड, मधे हिरवे खुंट, कुठे थोडी तपकिरी धूळ. किटमध्ये नायट्रेट दिसू लागेल आणि हात रिमूव्हरकडे जाईल. जाऊ देऊ नका. फॉस्फेट ०.२ च्या वर सलग दोन आठवडे राहिलं तरच थोडं जीएफओ, डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, हळूहळू. साधारण दोन महिन्यांनी मागच्या काचेवर, वेव्हमेकरच्या आसपास, राईएवढे गुलाबी-जांभळे ठिपके उठतील. ते कोरलाइन शेवाळ आहे, चांगली खूण. समोरची काच घासा, मागची तशीच सोडा.